काय काय सोसलंस?

आईबाप नसल्यामुळे दुसऱ्यांच्या घरी वाढलेल्या मुलांची कॉलेजची फी ती संस्था भरायची. ज्यांनी जास्त सोसलंय, त्यांचा नंबर आधी लागायचा.

"जिनं सांभाळलं, तिच्याकडे काय काय सोसलंस?" संस्थेच्या मॅडमनी विचारलं.

मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत सांगत गेली. उरलंसुरलं खायला मिळायचं. चूक झाली की मोजपट्टीने मार बसायचा. अभ्यासाला बसलं की मावशी दिवा घालवायची. आवाज कुठेच हलला नाही. मॅडमनी डोळे पुसले आणि सगळ्या वर्षांची फी मंजूर केली.

तिला सोडायला त्या स्वतः दारापर्यंत आल्या. बाहेर बाकावर मावशी बसली होती, शिलाईच्या कारखान्यातून अर्धी रजा टाकून आलेली.

"दुसऱ्याच्या लेकरावर हात उचलताना काहीच कसं वाटलं नाही हो तुम्हाला?"

मावशीनं मान खाली घातली. "चुकलं बाई," एवढंच म्हणाली.

मावशी आणि मुलगी रस्त्यापर्यंत आल्या.

&nbsp;

"अडखळली नाहीस ना गं कुठे?" मावशीनं हळूच विचारलं. "काल पाठ करून घेताना सारखी रडत होतीस."