डोळे कुणाकडचे

दीक्षाचा फोन आला तेव्हा देवीदास आईची नखं काढत बसला होता. पंचफुलाचे पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात होते, पाठ भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले. म्हातारपणानं नखं अशी टणक झाली होती की भिजवल्याशिवाय नेलकटर बसत नसे. सेक्टर दोनच्या त्या क्वार्टरमध्ये कूलर नुसता घरघरत होता. दुपारच्या उन्हानं दोघंही दमले होते.

"पप्पा, डीएनएचा रिपोर्ट आला," लेक पुण्याहून म्हणाली. "तुमचा पण आला, नागपूरच्या प्रेमानंदकाकांचा पण आला. आप रशियन नहीं हो, पप्पा. आयरिश हो."

देवीदासनं नेलकटर खाली ठेवलं. रशियन हे नाव मजुरांच्या कँपातल्या गल्लीनं त्याला ठेवलं, तेव्हा तो रांगतही नव्हता. पोरगं घाऱ्या डोळ्यांचं निघालं, आणि त्या काळात पोलादाचा प्लँट उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनियरच्या बंगल्यावर पंचफुला भांडी घासायला जायची. लोकांना एवढं पुरलं. पुढं प्लँटमध्ये तेच नाव चिकटलं. रिटायर झाला त्या दिवशी गळ्यात हार घालणाऱ्यांनीही हसत हसत तेच नाव घेतलं.

"आयरिश म्हंजे?" त्यानं विचारलं.

"आयर्लंडचे. इंग्लंडच्या बाजूचा देश आहे. तिकडच्या एका बाईशी तुमचं मॅच झालं. ती आपल्या खानदानाचे जुने कागद शोधते. तिच्या पणजोबांचा भाऊ इंग्रजांच्या काळात कामठीच्या छावणीत सोल्जर होता. तारखा पाहिल्या तर तुमच्या आजोबांचा बाप तोच असणार. आणि पप्पा, प्रेमानंदकाकांमध्ये पण ते जवळपास तेवढंच निघालं. तुम्ही दोघं सख्खे चुलतभाऊ आहात, ये भी पक्का."

प्रेमानंदचे डोळे काळेभोर होते. देवीदासला हिशेब लागायला वेळ लागला.

"म्हंजे हे बाबांकडून आलं?"

"हो ना. पंजाबआजोबांकडून. आजी का तो इसमें कुछ है ही नहीं." मग तिचा आवाज खुलला. "ती बाई एकदम खूश आहे. भाऊ सापडला म्हणते. संडेला बोलाल तिच्याशी?"

"पाहू," तो म्हणाला आणि फोन पालथा ठेवला.

पंजाबरावचा बाप पोरं लहान असतानाच गेलेला. त्याला पाहिलेलं माणूस उरलं नव्हतं, एखादा फोटोही नव्हता. तो घारा होता की काळा, कुणी सांगायचं? पंजाबरावनं देवीदासला कधी मांडीवर घेतलं नाही. बायकोला घराबाहेर काढलं नाही, पण तिच्या हातून ताट घेतलं नाही. ती स्वयंपाक करून बाजूला सरायची, तो आपल्या हातानं वाढून घ्यायचा. जन्मभर असंच. जाताना म्हणाला, आग प्रेमानंदच्या हातून द्या. पुतण्या नागपूरहून आला, त्यानं आग दिली. देवीदास लोकांच्या मागं उभा होता.

"माय," तो म्हणाला, "ऐकलं का तू?"

"कान हायेत मले."

"हे डोळे बाबांकडून आले. त्यायच्या बापाच्या बापाकडून. आता पक्कं झालं."

त्याला वाटलं होतं, ती रडेल. नाहीतर मेलेल्या नवऱ्याला शिव्या देईल. तिनं फक्त डोळे उघडले.

"मले काय सांगून राहिला? मले त माईतच होतं." मग त्याच्याकडं बघत, "तू नळीत थुकून देल्लं, तवा तुले काय पाह्याचं होतं रे?"

देवीदासनं टॉवेल घेतला. तिचा एक पाय पाण्यातून उचलून मांडीवर घेतला आणि पुसू लागला. पुसून झाला तरी पुसत राहिला. तिनं पाय ओढून घेतला नाही.

"मी कँपात जातो," तो अखेर म्हणाला. "घरोघरी सांगतो. कळू दे सगळ्यायले."

"कोनाले सांगतं? ते गल्लीतली नाव ठेवनारी शकुबाई मेली. तिचा नवरा मेला. तुया बाप मेला." ती दमून थांबली. "बोलनारं आता कोनीच नाई राहिलं बापा. बस तू. पाय ठेव माहा खाली, मुंग्या आल्या."

त्यानं पाय हळूच खाली ठेवला आणि दुसरा घेतला. अंगठ्याचं नख तेवढं राहिलं होतं. तो खाली वाकला. म्हातारीला डुलकी लागली असं त्याला वाटलं.

"देवा," ती म्हणाली, "त्या शिपायाचं नाव सापडलं त्यायले?"

"सापडलं असन. दीक्षाले माईत."

"अन् तिचं?"

"कोनाचं?"

"तुया बापाच्या आजीचं. जिले ते पोट्टं झालं तिचं."

"तिचं कुठं सापडते माय? तिचं कोन लिहून ठेवन?"

पंचफुला खिडकीकडं बघत राहिली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.

"तिलेबी लोकं बोल्लेच असतीन," ती म्हणाली. "माह्यावरचं त खोटं होतं, म्हनून मी दिवस काढले. तिच्यावरचं खरं होतं. तिनं कसे काढले असतीन रे?"