दरोग्याच्या गाडीचा खोकला

सतराव्या किकलाही मोटरसायकल खोकली, धुराची पिचकारी सोडली आणि मेली.

पौषातली पहाट होती, नागभीडच्या पलीकडच्या जंगलातली थंडी होती, आणि आबकारी दरोगा गुणवंतराव घामाने निथळत होता. मागे पळसाखाली त्याचा शिपाई मुखरू आडवा पडला होता. मोहाच्या दारूच्या भट्ट्या पकडायला दोघं गावाबाहेर गाडी ठेवून पायी झुडपात शिरले होते. दोन तास फिरून भट्टी सापडली नाही, अस्वल सापडलं. मुखरूच्या डोक्याची कातडी कपाळापासून सुटली होती. त्यावर बांधलेला फेटा रक्ताने चिंब झाला होता. दवाखाना ब्रह्मपुरीला, अठरा मैलांवर. बैलगाडीने दुपार झाली असती, आणि मुखरूजवळ तेवढा वेळ नव्हता.

गाडी महायुद्धानंतरच्या लष्करी लिलावातली. तिचं दुखणं जुनं होतं. थंडीत ती सुरू व्हायची, आचके द्यायची, बंद पडायची. अर्धा तास नखरे करून मग कुठे ताळ्यावर यायची. चांद्याच्या मुश्ताक मिस्त्रीने चार वर्षांत चारदा कार्बोरेटर उघडला, जेट फुंकला, प्लग बदलला. पण मुश्ताककडे पोचेपर्यंत गाडी तापलेली असायची, आणि तापलेल्या गाडीइतकं गुणी जनावर जिल्ह्यात नव्हतं. "साहब, इसकू कुछ नई हुआ," मुश्ताक म्हणायचा. रोग्याला दुखत असतानाच वैद्याकडे न्यावं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आवाजाने गाव गोळा झालं. पंधरा-वीस माणसं, पण मदतीला कुणी पुढे येईना. यातल्या निम्म्यांची दारू गाळायची मडकी गुणवंतरावाने कधी ना कधी काठीने फोडली होती. पोचू तर त्याच्यामुळे तीन महिने तुरुंगात राहून आला होता. त्या चेहऱ्यांकडे बघून गुणवंतरावाला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली.

पोचूची आई बुधरी पुढे आली. तिने आधी मुखरूकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"मारा अजून एक डाव, साहेब," ती म्हणाली.

गाडी खोकली. बुधरी इंजिनाशेजारी उकिडवी बसून कान देऊन ऐकत होती. मग तिने रस्त्याकडेच्या विझलेल्या शेकोटीतली चिमूटभर राख तळहातावर घेतली आणि पुन्हा किक मारायला सांगितलं. गाडी आचके देत असताना ती हात हळूहळू इंजिनाजवळून फिरवत गेली. कार्बोरेटर जिथे इंजिनाला जोडलेला होता तिथे हात आला, आणि राख सरळ आत ओढली गेली.

मिस्त्रीला चार वर्षांत न दिसलेली फट म्हातारीने चिमूटभर राखेने दाखवून दिली होती.

"वारा पिऊन राह्यली," बुधरी म्हणाली. "सांध्यात फट हाये. लोखंड तापून फुगलं का बुजते. आमच्या मडक्याच्या सांध्याले करतो, तेच इथी करा लागते."

कोणतं मडकं, हे विचारायची कुणालाच गरज नव्हती.

"आयो, नको," पोचू दबक्या आवाजात म्हणाला. "गाडी सुधरली तं आपलं काय होईन, समजते ना तुले?"

"समजते. तू माती आन."

गुणवंतरावाने मान खाली घातली. तुरुंगाचा राग आहे, त्याला वाटलं, आणि तो काही खोटा नाही.

पोचूने बोडीतली, गावतळ्यातली चिकणमाती आणली. बुधरीने लुगड्याची किनार फाडली, मातीत भिजवली आणि सांध्याभोवती आवळून गुंडाळली. वर मातीचा थर, त्यावर पुन्हा चिंधी, पुन्हा माती. तिची नजर मुखरूवर होती आणि बोटं आपली आपण फिरत होती. असे शेकडो सांधे गुणवंतरावाने फोडले होते, पण सांधा बांधताना तो आज पहिल्यांदा पाहत होता.

तिने मान हलवली. त्याने किक मारली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि एकसारखी चालू लागली. पोचूनेच मुखरूला उचललं आणि आपल्या पासोडीने गुणवंतरावाच्या पाठीशी घट्ट बांधलं.

गाडी अशी पळाली की गुणवंतरावाचा विश्वास बसेना. दोन मैलांवर, नाल्याच्या वळणावर, तो थेट एका पेटत्या भट्टीसमोर आला. तीन माणसं हातातली मडकी घेऊन जागच्या जागी थिजली होती. चार वर्षांत त्याला विझलेल्या चुली, ओली राख आणि मागे टाकलेली मडकी याशिवाय क्वचितच काही मिळालं होतं, आणि आज लांबून खोकला ऐकू आला नव्हता, आवाज कानी पडून हालचाल करेपर्यंत दरोगा दारात उभा होता. पोचू काय विचारत होता आणि बुधरीने काय समजून हो म्हटलं, ते त्याला तेव्हा कळलं. तो भट्टीजवळून न थांबता निघून गेला.

मुखरूला छत्तीस टाके पडले. तो वाचला.

आठवड्याने मुश्ताकने सांध्यावरची वाळलेली माती बघितली आणि कपाळावर हात मारला. "साहब, मर्ज मिल गया. पाच मिनट, नवीन पॅकिंग टाकतो."

"राहू दे," गुणवंतराव म्हणाला. त्याने खिशातला चाकू काढला आणि सांध्यावरची माती खरवडून फट पुन्हा मोकळी केली.

पुढच्या सोमवारी पहाटे जंगलात मैलभर लांबून खोकला ऐकू आला, आणि बुधरीने हसत हसत चुलीवर पाणी ओतलं.