मापाची गाडी

अपघातात पाय अधू झाला आणि त्याने जुन्या गाड्यांचा नाद सोडला. होत्या त्या दोन्ही गाड्या विकून टाकल्या. मित्र विचारून थकले, पण "मन उडालं," यापलीकडे तो काही बोलायचा नाही. कित्येक वर्षांनी आज तो काठी टेकत एका व्यापाऱ्याच्या गॅरेजमध्ये उभा होता. बायको सोबत आली होती.

"तुम्हाला हवी ती घ्या. मी इथेच थांबते," म्हणून ती दारातच अडून राहिली होती.

"ही हिरवी न्या," व्यापारी म्हणाला. "इंजिनाला बोट लावायची गरज नाही."

तो मात्र पलीकडच्या छोट्या करड्या गाडीपाशी गेला. वाकून त्याने पत्र्याचा गंज पाहिला, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहिला आणि सीट पुढे सरकते का, ते विचारलं.

"सरकते. पण साहेब, तुमच्या उंचीच्या माणसाला ही चालवणं जमायचं नाही. गुडघे स्टिअरिंगला लागतील."

"असू दे. एक चक्कर मारून बघतो."

व्यापाऱ्याने किल्ली दिली. ती घेऊन तो दारापाशी आला आणि त्याने ती बायकोपुढे धरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"भलतंच काय," ती कशीबशी म्हणाली. "त्या दिवशी गाडी मीच चालवत होते. विसरलात का?"

"विसरेन कसा? तुझ्या शेजारीच बसलो होतो," तो म्हणाला. "आजही तिथेच बसणार आहे."