सखूशी बोलणं

त्या शेवटच्या साध्या सकाळीही तात्या माळावर बसून सखूला गावच्या गप्पा सांगत होते. सखू ही यंत्रात उबवलेली माळढोक मादी. अंड्यात असल्यापासून तिने तात्यांचाच आवाज ऐकलेला. तो कानावर पडत असला तरच ती स्वतःच्या अंड्यावर बसायची.

"घरात तोंड उघडत नाही, इथे मात्र कीर्तनकार!" डबा घेऊन आलेली कुमुद म्हणाली. बाप नुसता हसला. त्याच दुपारी हृदय बंद पडून तात्या गेले.

अभयारण्याच्या लोकांनी तात्यांची जुनी ध्वनिमुद्रणं लावली. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी तीच ती वाक्यं ऐकून सखू बिथरली आणि अंड्यावरून उठली.

म्हणून आता कुमुदच्या हातात माइक होता. ती बोलेल ते संगणकातून बदलून गवतातल्या स्पीकरमधून तात्यांच्या आवाजात बाहेर पडणार होतं. पडद्यावर अंड्याचं तापमान उतरत होतं. यंदा सगळ्या माळावर ते एकच अंडं होतं.

"ज्वारी... ज्वारी बरी आहे," ती म्हणाली आणि अडली.

"बोला की ताई, गप बसू नका," वनरक्षक शब्बीरभाई कुजबुजले. "तात्या शेळी व्याली तरी तासभर बोलायचे."

सखू मान उंचावून दूर जायला लागली. कुमुदने माइक ओठांजवळ धरला. सांगण्यासारखं तिच्याकडे एकच होतं, आणि ते सखूसाठी नव्हतं.

"तात्या," ती म्हणाली. गवतातून तात्यांचाच आवाज आला. सखू थबकली, वळली, हळूच अंड्यावर टेकली.

"तुम्ही माझ्याशी असं बोलावं, असं रोज वाटायचं. या पाखराचा मला हेवा वाटायचा, तात्या."