उघडा हात

"बाबा, हात!"

लेक ओरडली, पण तोवर बाबांनी कौतुकाच्या भरात नळीवर थाप मारलीही होती. ब्लास्टिंग करून, म्हणजे खरखरीत वाळूचा मारा करून, कोरी केलेली भट्टीची नळी. तिच्यावर आता ॲल्युमिनियमचा थर फवारायचा होता. थर नीट बसला की नऊशे अंशांतही पोलाद टिकतं, नाहीतर खपल्या सुटून वर्षभरात चाळणी होते. आणि तळव्याचं तेल लागलं, की थर तिथंच सुटतो. हे बाबांना कोण शिकवणार? याच शेडमध्ये बत्तीस वर्षं फवाऱ्याची बंदूक त्यांनीच धरली होती. लेक आज पहिल्यांदाच एकटीनं नळी करणार, म्हणून ते मुद्दाम पाहायला आले होते.

डाग काही दिसत नव्हता. तीच तर पंचाईत होती.

मालक घाईघाईनं आत आले. "ट्रक कधीचा उभाय. अजून बंदूक पेटली नाही?"

"नळी परत ब्लास्टिंगला जाईल. उघडा हात लागलाय."

"कुणाचा?"

ती हातमोजे शोधायला वळली. बाबांचे कान तापले.

"मला तर काही दिसत नाही," मालक नळीवर वाकून म्हणाले. "मार फवारा! कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"कळलंय की," बाबा म्हणाले. "हात बापाचाच आहे."

मालक क्षणभर गांगरले, मग हसले. "तुमचा होय? मग चालतंय. अहो, तुमच्या हाताला कोण नाव ठेवणार?"

"नाही चालत," लेक म्हणाली. बाबांकडे बघायचं ती टाळत होती. "हात कुणाचाही असो, थर सुटतोच."

"उशीर झाला तर पुढची नळी दुसऱ्याला देईन. सांगून ठेवतो."

"द्या. पण ही अशी जाणार नाही."

तिनं हातमोजे चढवले आणि नळी गाड्यावर घेऊन ती ब्लास्टिंगच्या खोलीकडे ढकलत नेली. मालक बाबांवर करवादले, "आता ट्रकवाल्याला तुम्हीच तोंड द्या."

बाबा फाटकाशी गेले. ड्रायव्हर वैतागून खाली उतरला. "काय काका, झालं का?"

"दोन तास लागतील."

"का? काय झालं?"

"माझ्या लेकीनं मला नापास केलंय," बाबा छाती पुढे काढून म्हणाले. आणि मग वॉचमननं काही विचारलेलं नसताना त्यालाही जाऊन तेच सांगितलं.