आईचा मासा

आईच्या गळावरून निसटलेला मासा आमच्या घरात दरवर्षी वीतभर वाढायचा. होडीत तेव्हा मीच सोबत होते, म्हणून ती साक्षीला मलाच उभं करायची. मी इमानेइतबारे मान डोलवायचे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा डावा हात पांघरुणावर पडून होता. व्यायाम घेणाऱ्या बाई रोज विनवायच्या, "आजी, हात उचला बरं." आई भिंतीकडे बघायची. आज त्यांनी विचारलं, "आजींना आवड कशाची?" "गळ टाकून बसायची," मी म्हटलं. "एकदा मोठा मासा निसटला म्हणे. मोठा कसला, बोटभर होता!" आईने गर्रकन मान वळवली. "खोटारडे!" जीभ जड, पण राग ठणठणीत. उजवा हात वर गेला. मासा एका हाताने दाखवता येत नाही. डावाही थरथरत उठला, लांब सरकला. "एवढा होता!" मी डोळे पुसले. "याहून मोठा होता, आई. नीट दाखव."