सावलाईचा रुसवा

शेंदूर तेलात कालवता कालवता गोजरबाईनं देवीचं नावही ठरवून टाकलं. सावलाई.

पारनेरजवळच्या त्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या साठ बाया होत्या आणि सावली एकच, काळ्या धोंड्याची. तिथं अकरा लेकरं निजायची. नव्या रस्त्याची आखणी नेमकी धोंड्यावरून गेली होती. उद्या सुरुंग लागणार होता.

शेजारी खडी फोडणाऱ्या मनकर्णाला धास्ती वाटली. देवी कुठली, असं गुरवानं विचारलं तर? गोजरबाई म्हणाली, म्हणून तर इथली सांगायचीच नाही. माणसं चंद्रावर जाऊन येतात, मग तिकडचं कुणी इकडं आलं तर बिघडलं कुठं? कृत्तिकांच्या पलीकडं एक तारा आहे, तिथं तिचं सासर. नवऱ्याशी भांडली आणि इथं येऊन बसली.

दिवस मावळेस्तोवर ओवी साठ जणींच्या तोंडी होती.

आभाळाच्या वाटं आली काळी सावलाई
रुसून बसली गं, तिला उठवायचं न्हाई

सकाळी ओव्हरसियर फिलिप आला. भिंगारचा, ख्रिस्ती, शांत माणूस. कालपर्यंत हा नुसता धोंडा होता, असं तो म्हणाला.

"रुसलेलं मानूस लगीच बोलतंय व्हय, सायेब? काल बोलली," गोजरबाई म्हणाली.

"मग, काय म्हणणं आहे तिचं?"

"कायबी न्हाई. नवरा न्यायला येईल तवर बसू द्या."

फिलिपनं साठ तोंडांकडं पाहिलं. एकीचीही पापणी लवली नाही. तारा बराच लांब असेल, एवढंच म्हणून त्यानं चुन्याची रेघ दहा हात बाजूला घेतली. तो गेल्यावर बाया पदरात तोंड घालून हसल्या.

महिन्याभरात सुप्याहून नारळ यायला लागले. गुरवानंही पूजेतली आपली पाळी मागून घेतली. गोजरबाई रोज एक ओवी वाढवायची. देवीच्या बांगड्यांची, तिच्या रागाची, तिच्या सासरच्या दोन सूर्यांची.

एका सोमवारी भर दुपारी एक उंच, अनोळखी माणूस आला. नारळ आणला का, असं गोजरबाईनं विचारलं. तो नाही म्हणाला. उभ्यानंच त्यानं सगळ्या ओव्या ऐकल्या. डोळे पुसले. मग वाकून, निजलेल्या लेकरांना जाग येणार नाही अशा बेतानं त्यानं धोंड्यावर हात ठेवला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "चल, घरी जाऊ."

आधी सावली हलली. मग अकरा लेकरांच्या तोंडावर एकदम ऊन पडलं.